परळची लस आणि मुलकोवालची बाटली

लस कोणाकडून घ्यायची, हा प्रश्न आपण सर्वांनी २०२१ साली वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर वाचला. त्या वर्षीच्या मे महिन्यात मुंबई महापालिकेने करोनाच्या लशीच्या एक कोटी मात्रांसाठी जगभरातून प्रस्ताव मागवले. प्रस्ताव आलेही. पण त्यांतले बहुतेक लस बनवणाऱ्यांचे नव्हते, मधल्या पुरवठादारांचे होते. माल नेमका कोण देणार, केव्हा देणार, हे त्यांना कागदावर दाखवता येईना. जूनच्या सुरुवातीला सगळेच बाद झाले. माझी तीसएक वर्षे बँकेत गेली. तिथे साधी लाकडी कपाटे घ्यायची म्हटली तरी तीन कोटेशने मागवावी लागतात, तुलनेचा तक्ता करावा लागतो, आणि सर्वांत स्वस्त कोटेशन नाकारायचे असेल तर त्याचे कारण लिहून खाली सही करावी लागते. कपाटाचे दार पुढे निखळले, तर आधी ती सही शोधली जाते. त्यामुळे ती बातमी वाचताना मला प्रस्ताव बाद करणाऱ्या अधिकाऱ्यांचा राग आला नाही. उलट त्यांच्या जागी आपण असतो तर काय केले असते, या विचाराने झोप मात्र उडाली.

याच मुंबईत हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी एकदा पडला होता. साथ प्लेगची होती. तेव्हा ज्याचा माल अखेर पसंत पडला, त्या माणसाचे नाव आपण आजही परळला जाताना बसच्या कंडक्टरला सांगतो. हाफकिन. सर्पदंशावरचे औषध तिथे तयार होते, एवढे पुष्कळांना ठाऊक असते. हा कोणी इंग्रज साहेब असावा, असाही बऱ्याच जणांचा समज असतो. ते इंग्रज नव्हते आणि डॉक्टरही नव्हते. या दोन्ही गोष्टी त्यांना पुढे महागात पडल्या.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० सालचा, काळ्या समुद्राच्या काठी ओदेसा शहरातल्या एका ज्यू कुटुंबातला. तेव्हा तो सारा मुलूख रशियाच्या झारचा. ज्यूंच्या वस्त्यांवर तेथे अधूनमधून हल्ले होत, आणि पोलीस बाजूला उभे राहून पाहत. तरुण हाफकिन वस्ती राखायला उभ्या राहिलेल्या मुलांमध्ये होते, झारविरोधी चळवळीतही होते. जखमी झाले, तुरुंग पाहिला. त्यांना सोडवायला धावून आले ते त्यांचे प्राध्यापक इल्या मेचनिकॉफ, प्राणिशास्त्रातला पुढे नोबेल मिळवणारा माणूस. हाफकिन यांचाही विषय प्राणिशास्त्रच. पण प्राध्यापकाची जागा हवी असेल तर धर्म बदला, असा तिथला रिवाज होता, आणि हाफकिन यांना तो मान्य नव्हता. ते प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयाच्या नोकरीत राहिले. मेचनिकॉफ पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत गेले, तेव्हा वर्षभराने हेही मागोमाग गेले. जागा होती ती फक्त ग्रंथालयात. दिवसा पुस्तके लावायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसायचे, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

तिथे त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ च्या जुलैत ती आधी स्वतःला टोचून घेतली. युरोपातल्या मोठ्या शास्त्रज्ञांनी फारशी दाद दिली नाही. लस खरी की खोटी, हे ठरवायला कॉलरा जिथे खराच आहे अशी जागा हवी होती. लॉर्ड डफरिन हे हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय त्या वेळी पॅरिसमध्ये इंग्लंडचे राजदूत होते. त्यांच्या शब्दावर हाफकिन १८९३ साली कलकत्त्याला आले. तिथल्या बस्त्यांमध्ये आणि आसामच्या चहामळ्यांत त्यांनी अडीच वर्षांत ४० हजारांहून अधिक लोकांना लस टोचली. एकाच घरातल्या, एकाच तळ्याचे पाणी पिणाऱ्या, लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या माणसांची तुलना करायची, ही त्यांची पद्धत तिथेच बसली. मलेरियाने पोखरून ते युरोपात परत गेले, बरे झाले आणि पुन्हा आले.

ते परत आले आणि मुंबईत प्लेग सुरू झाला. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागातला एक रुग्ण पाहून डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी हा ग्रंथिसन्निपात आहे हे ओळखले. पुढचे बरेच आपल्याला माहीत आहे. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा आला. १० मार्चला पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. घरात घुसून माणसे बाहेर काढणारे सोजीर आले आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. या इतिहासात लशीचा धागा मात्र आपण सहसा विसरतो. खरे तर साऱ्या जुलूमजबरदस्तीत लस ही एकच गोष्ट अशी होती, की जी घ्यायची की नाही, हे माणसाला विचारले जात होते. हाफकिन सक्तीच्या विरुद्ध होते.

सरकारच्या बोलावण्यावरून ते ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईला पोहोचले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि तिच्यापुढचा व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. पुढल्या कामाचा ताण असा होता की त्यांचा एक सहकारी मनाने कोसळला आणि आणखी दोघे सोडून गेले. कोणत्याही खरेदी समितीने हा कारखाना पाहिला असता, तर क्षमता अपुरी असा शेरा मारून कागद परत पाठवला असता.

त्या खोलीत लस कशी होत असे, ते सांगितले पाहिजे, कारण त्यात हाफकिन यांची सगळी हुशारी आहे. प्लेगचे जंतू वाढवायला मांसाचे पाणी लागते. युरोपात त्यासाठी गोमांस वापरीत. इथे तसली लस हिंदूंनी घेतली नसती, डुकराची मुसलमानांनी घेतली नसती. हाफकिन यांनी बकऱ्याचे मांस आम्लात शिजवून त्याचा अर्क काढला. तो मोठ्या काचेच्या चंबूंत भरला आणि वर तुपाचे थेंब सोडले. होय, आपले साजूक तूप. थेंब पाण्यावर तरंगत, जंतू त्या थेंबांना धरून खाली वाढत आणि गुहेच्या छताला चुनखडीचे झुंबर लोंबावे तसे दिसू लागत. कोणताही जंतू असा वाढत नाही, प्लेगचाच वाढतो, म्हणून ते झुंबर हीच मालाच्या शुद्धतेची खूण. काही दिवसांनी चंबू हलवायचा, झुंबर तळाला बसवायचे, थेंबांखाली नवे वाढू द्यायचे. असे सहाएक आठवडे. मग चंबू तासभर तापवून जंतू मारायचे आणि वरून थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे, म्हणजे बाहेरचा दुसरा कोणता जंतू शिरला तरी तो वाढू नये. सहा आठवडे, चंबू हलवणे, तापवणे आणि शेवटचे ते कार्बोलिक आम्ल, ही चारही पावले वाचकांनी लक्षात ठेवावीत.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली, आणि तीही पुढे लोकांना देण्यात आली त्याच्या कितीतरी पट. ताप चढला, अंग ठणकले, पण ते तरले. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक राजी झाले. टोचलेल्यांत २ जण आजारी पडले आणि एकही दगावला नाही. न टोचलेल्यांत १२ आजारी पडले, ६ मेले. मग पोर्तुगीजांच्या दमणला साथ गेली. तिथे २,१९७ जणांना लस दिलेली होती, त्यांतले ३६ गेले. लस न घेतलेले ६,०३३, आणि त्यांतले १,४८२ गेले. या आकड्यांवर मी बराच वेळ बसून राहिलो. चारांतला एक माणूस. एका चाळीत वीस बिऱ्हाडे धरली, तर किती दारे बंद झाली असतील त्याचा हिशेब करून पाहावा.

मुंबईत तोवर निरनिराळ्या देशांचे प्लेग तज्ज्ञ उतरू लागले होते. जर्मनांची समिती आली, तिच्याबरोबर खुद्द कॉख आले. रशियन आले, ऑस्ट्रियन आले. आणि माल घेऊन आलेले दोघे निराळेच. म्हणजे बँकेच्या भाषेत तीन कोटेशने झाली.

पहिले हाफकिन. दुसरे अलेक्झांडर येरसिन. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगच्या झोपडीवजा प्रयोगशाळेत ज्यांनी शोधला, तेच हे. तेही पॅरिसच्या पाश्चर संस्थेतलेच. १८९७ च्या मार्चमध्ये घोड्यांच्या रक्तापासून केलेले सिरम घेऊन ते मुंबईत आले. तिसरे इटलीतले, फ्लॉरेन्सचे प्राध्यापक अलेस्सांद्रो लुस्तिग. त्यांचेही सिरमच, पण तयार करण्याची रीत वेगळी.

इथे लस आणि सिरम यांतला फरक घरातल्या सर्वांना कळेल असा सांगतो. लस ही निरोगी माणसाला, रोग येण्याआधी द्यायची. ती शरीराला लढायला शिकवते, आणि शिकायला काही दिवस लागतात. सिरम म्हणजे घोड्याने लढून तयार केलेला दारूगोळा, जो आजारी पडलेल्या माणसाला आयता द्यायचा. आता महापालिकेच्या एखाद्या नगरसेवकाच्या जागी बसून बघा. आर्थर रोडच्या रुग्णालयात माणसे डोळ्यांदेखत मरत आहेत, त्यांचे नातेवाईक दाराशी बसलेले आहेत. अशा वेळी तुम्ही पैसा कशावर लावाल? मरणाऱ्याला वाचवीन म्हणणाऱ्या बाटलीवर, की आज ठणठणीत असलेल्या माणसाला दोन दिवस ताप आणणाऱ्या बाटलीवर? इटालियन सिरमला मुंबईत पाठबळ मिळाले ते याच कारणाने, आणि त्या निर्णयाला मी तरी मूर्खपणाचा म्हणणार नाही.

पण माल तपासला गेला. येरसिन यांच्या सिरमने निराशा केली. साठा थोडा, एका खेपेचा जोर दुसरीला नाही. लवकरच ते निघून गेले. लुस्तिग यांच्या सिरमची परीक्षा आर्थर रोडला डॉ. नसरवानजी चोक्सी यांनी घेतली, आणि ती वाचून मी मनोमन त्यांना नमस्कार केला. दाखल होणाऱ्या रुग्णांपैकी एकाला सिरम द्यायचे, त्यानंतरच्याला नेहमीचे उपचार, पुन्हा एकाला सिरम. डॉक्टरच्या मनाला येईल तो रुग्ण निवडायचा नाही. रोख मोजताना आपल्या पुड्या आणि दुसऱ्याच्या पुड्या अशी निवड करायची नसते, तसेच हे. सिरमचा उपयोग झाला तरी थोडाच, असे हळूहळू दिसत गेले.

हाफकिन यांची परीक्षा याहून कठोर होती. बडोदा संस्थानात उंधेरा नावाचे गाव आहे. १८९८ च्या फेब्रुवारीत तिथे प्लेग होता. अधिकाऱ्यांच्या देखत गावाची यादी झाली आणि प्रत्येक घरातली निम्मी माणसे टोचली गेली, निम्मी तशीच ठेवली. एकाच छपराखाली, एकाच चुलीवरचे जेवणारी. साथ ओसरल्यावर मोजणी झाली. प्लेग शिरलेल्या २८ घरांत टोचलेली माणसे ७१, त्यांतली ३ गेली. न टोचलेली ६४, त्यांतली २६ गेली. आज कोणतीही नीतिसमिती असा प्रयोग करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्या २६ माणसांचा आकडा मध्ये नसता तर पुढच्या लाखो लोकांनी हात पुढे केला नसता, हेही मला नाकारता येत नाही. हे दोन्ही विचार माझ्या डोक्यात एकाच वेळी राहतात आणि एकमेकांशी जुळत नाहीत.

१८९८ च्या अखेरीस हिंदुस्थान सरकारने प्लेग कमिशन नेमले. लस आणि दोन्ही सिरमे तपासणे हे त्याचे एक काम. कमिशनवर आल्मरोथ राइट हे नामांकित शास्त्रज्ञ होते. गंमत अशी की राइट स्वतः विषमज्वराची लस करीत होते आणि तिची कल्पना त्यांना हाफकिन यांच्या कामावरून सुचली होती. बाजूच्या दुकानदाराला मालाचे मूल्यांकन करायला बोलावावे, तसा हा मामला. तरीही कमिशनने हाफकिन यांच्या बाजूने कौल दिला. लस संपूर्ण संरक्षण देत नाही, टोचल्यानंतरचे पहिले काही दिवस तिचा आधार नाही, मात्रा मोजण्याची पद्धत ढिली आहे, आकडे गोळा करण्यातही ढिलाई आहे, अशी टीका केली आणि तरीही लस रोग कमी करते, मृत्यू कमी करते, तेव्हा ती वापरा, असे सांगितले. सिरमांना असे प्रशस्तिपत्र मिळाले नाही. इतक्या प्रतिकूल शेऱ्यांसह मंजूर झालेला प्रस्ताव मला नेहमी जास्त विश्वासार्ह वाटतो. ज्या फाइलवर एकही शेरा नसतो, ती कोणी वाचलेलीच नसते.

दरम्यान प्रयोगशाळेने जागा बदलल्या. आगाखान तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचे होते. त्यांनी लोकांसमोर स्वतः टोचून घेतले, आपल्या खोजा समाजाला घ्यायला लावले आणि माझगावची आपली खुशरू लॉज ही इमारत हाफकिन यांना वापरायला दिली. पण मागणी तिथेही मावेना. तेव्हा परळचा जुना गव्हर्नरचा वाडा रिकामा होता. ज्यांच्या नावाचे कॉलेज पुण्यात आहे, त्या गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी कॉलऱ्याने गेल्या, आणि पुढे गव्हर्नरांनी परळ सोडून मलबारचा मुक्काम धरला. १० ऑगस्ट १८९९ रोजी त्या वाड्यात प्लेग संशोधन प्रयोगशाळा उघडली. एक खोली आणि व्हरांड्यापासून गव्हर्नरच्या वाड्यापर्यंत हाफकिन तीन वर्षांत पोहोचले. राणीच्या राज्याच्या हीरक महोत्सवात त्यांना किताबही मिळाला होता. चाळिशी गाठली नव्हती, आणि अख्ख्या देशाचा पुरवठादार एकच झाला होता. या सगळ्यात धोका असलाच तर तो इथे होता.

प्लेग उत्तरेकडे सरकत पंजाबात गेला. १९०२ साली पंजाब सरकारने ठरवले की आता तालुकेच्या तालुके टोचून काढायचे. मागणी आली ती लाखो मात्रांची आणि थंडी सुरू होताच हवी, अशी. मी कर्जमेळ्यांच्या काळात शाखेत होतो. वरून आकडा येतो, तारीख येते, आणि माणसे व वेळ तेवढी येत नाहीत, याचा अर्थ मला कोणी समजावून सांगायला नको. तुपाच्या थेंबांखाली झुंबर वाढायला सहा आठवडे लागतात. हाफकिन यांनी रीत बदलली. आगर या घट्ट खाद्यावर जंतू वाढवायला घेतले, म्हणजे आठवड्यांचे काम दिवसांवर आले. आणि कार्बोलिक आम्ल गाळले. नुसते तापवणे पुरेसे आहे, असे त्यांचे मत होते, आणि ही रीत मनाची नव्हती. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ती रूढ होती.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या गुजरात जिल्ह्यातले मुलकोवाल हे गाव, आजच्या पाकिस्तानातले मलकवाल. त्या दिवशी पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस टोचली गेली. आठवड्याभराने त्यांतल्या १९ जणांचे जबडे आवळू लागले. धनुर्वात. एकोणीसही गेले. ते सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते. बाटलीवर क्रमांक होता ५३ एन. परळला ती ४१ दिवसांपूर्वी भरली होती. बाकीच्या चार बाटल्यांतून टोचलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही.

त्या एकोणीस घरांविषयी इतिहासात फारसे काही लिहिलेले नाही. सरकारवर विश्वास टाकून त्यांनी हात पुढे केला होता आणि साथ गावात येण्याआधीच त्यांची माणसे मेली. पुढे जे वादळ उठले ते सारे हाफकिन यांच्या नावाभोवती. मीही तेच लिहितो आहे, कारण कागद तेवढेच बोलतात.

चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स. प्रश्न साधा होता. धनुर्वाताचा जंतू बाटलीत शिरला तो परळला भरताना, की मुलकोवालला उघडताना? समितीचा निष्कर्ष असा की परळला. कार्बोलिक वगळले हा ठरलेल्या रीतीचा भंग. हाफकिन निलंबित झाले, आणि १९०४ साली बिनपगारी रजेवर त्यांनी हिंदुस्थान सोडला. त्यांची खुर्ची इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्याकडे गेली. रशियातून आलेला एक ज्यू, तोही डॉक्टरकीची पदवी नसलेला, आपल्या डोक्यावर बसला आहे, हे त्या सेवेतल्या पुष्कळांना आधीपासून खुपत होते.

बँकेत मी काही खातेनिहाय चौकश्यांत चौकशी अधिकारी म्हणून बसलो आहे, म्हणून या प्रकरणाचे कागद मी त्या नजरेने पाहिले. समितीपुढे ज्या गोष्टी होत्या त्यांचेच बघू. बाटली उघडताना एका सहाय्यकाचा चिमटा जमिनीवर पडला होता. तो जंतुनाशकात नुसता बुचकळून पुन्हा बुचाला लावला गेला. धनुर्वाताचा जंतू राहतो तो मातीत, आणि अशा बुचकळण्याला तो दाद देत नाही. दुसरे, जर जंतू परळलाच शिरला असता आणि उष्ण हवेत ४१ दिवस बाटलीत वाढला असता, तर बूच काढताच घाण वास यायला हवा होता. असा वास आल्याचे कोणी सांगितले नाही. तिसरे, आजार ज्या चालीने, टोचल्यावर काही दिवसांनी दिसू लागला, ती चाल बाटलीत नुकताच शिरलेल्या थोड्या जंतूंची, विष साठलेल्या जुन्या बाटलीची नव्हे. लंडनच्या लिस्टर संस्थेनेही हे प्रकरण तपासले आणि दोष गावातल्या हाताळणीकडे जात असल्याचे सांगितले. माझ्या टेबलावर एवढा पुरावा आला असता, तर परळवर आरोप सिद्ध झाला असे मी लिहिले नसते.

पण कार्बोलिकचे काय? तो मुद्दा मी टाळणार नाही. ते आम्ल बाटलीत असते, तर चिमट्यावरचा जंतू कदाचित मेला असता किंवा वाढला नसता. खेड्यात, झाडाखाली, धुळीत बाटल्या उघडल्या जाणार हे हाफकिन यांना कलकत्त्याच्या बस्त्यांपासून माहीत होते. पॅरिसला चालणारी रीत पंजाबच्या खेड्यात चालेलच असे नाही. त्यांनी सुटसुटीतपणासाठी आणि वेगासाठी एक कुंपण काढले, असे माझे मत आहे. फक्त त्या वेगाची मागणी नोंदवणाऱ्या कोणत्याही कचेरीला समितीने त्याचा जाब विचारला नाही. किती दिवसांत किती मात्रा होऊ शकतात, हे मागणी ठरवताना कोणी परळला विचारले होते का? बँकेतही कर्जमेळ्याचा आकडा ठरवणारा कधी साक्षीला आलेला मी पाहिला नाही. साक्षीला येतो तो सही करणारा.

समितीचे कागद छापून लोकांपुढे यायला १९०६ उजाडले. तोवर हाफकिन यांच्यावरचा डाग तसाच होता आणि उत्तर देण्याची सोय नव्हती. ते कागद बाहेर आल्यावर रोनाल्ड रॉस पुढे सरसावले. डासामुळे मलेरिया होतो हे हिंदुस्थानात राहून शोधणारे, १९०२ चे नोबेल विजेते. त्यांनी वृत्तपत्रांतून हा विषय लावून धरला. १९०७ च्या जुलैत लंडनच्या टाइम्समध्ये दहा जंतुशास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र आले. हाफकिन यांच्यावरील आरोप खोटा ठरला आहे, असा त्याचा आशय. सह्या करणाऱ्यांत अमेरिकेतल्या रॉकफेलर संस्थेचे प्रमुख सायमन फ्लेक्स्नर होते. फ्रान्समधल्या ड्रेफस खटल्याची आठवण लोकांना ताजी होती, आणि हे प्रकरण छोटा ड्रेफस खटला म्हणून ओळखले जाऊ लागले. वर्षअखेरीस सरकार नमले.

नमले म्हणजे काय, ते पाहण्यासारखे आहे. हाफकिन यांना परत बोलावले, पण परळला नाही. कलकत्त्याला. तिथे प्रयोगशाळा होती, पण लस तयार करण्याची सोय नव्हती आणि तशी जबाबदारीही दिली नाही. संशोधन करा, लिहा. चौकशीतून निर्दोष सुटलेले काही कॅशियर मी पाहिले आहेत. पगार मिळतो, मागली थकबाकी मिळते, बदलीच्या गावी टेबल मिळते. तिजोरीच्या किल्ल्या मात्र कोणी पुन्हा हातात देत नाही, आणि त्याचे कारणही कुठे लिहिलेले नसते. हाफकिन सहा-सात वर्षे असेच कलकत्त्यात राहिले आणि निवृत्तीचे वय होताच, पहिले महायुद्ध सुरू असताना, कायमचे युरोपला गेले.

परळचे काम थांबले नव्हते. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या. तेवढ्या वर्षांत प्लेगने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली, तेव्हा लशीने साथ संपवली, असे कोणी म्हणू नये. उंदीर, पिसवा, घरांची रचना, माणसांच्या पळापळीच्या वाटा, या सगळ्यांचा त्यात हात आहे. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. ते हयात असताना हे झाले, आणि नामकरण करणारे सरकार तेच होते, ज्याने त्यांना त्या दारातून बाहेर काढले होते. २०२१ साली करोनाची कोव्हॅक्सिन ही लस बनवण्याची परवानगी परळच्या याच नावाच्या सरकारी कंपनीला मिळाली, तेव्हा बातम्यांत संस्थेच्या थोर परंपरेचा उल्लेख भरपूर होता. मुलकोवालचा उल्लेख मला कुठे दिसला नाही.

स्वतः हाफकिन उतारवयात फार धार्मिक झाले होते. ज्या धर्मासाठी त्यांनी ओदेसाची प्राध्यापकी नाकारली, त्याचे सगळे आचार ते आता कडकपणे पाळीत. लग्न केले नव्हते. पॅरिसहून ते स्वित्झर्लंडमध्ये लोझानला जाऊन राहिले आणि २६ ऑक्टोबर १९३० रोजी तिथेच वारले. आदल्या वर्षी त्यांनी एक निधी स्थापन केला होता. पूर्व युरोपातल्या गरीब ज्यू पाठशाळांतल्या मुलांना धर्मग्रंथांच्या जोडीने विज्ञान आणि पोटापाण्याचा एखादा व्यवसाय शिकवावा, यासाठी तो होता, आणि आयुष्यभराची शिल्लक त्यांनी त्यातच टाकली.